एक पोर, दोन बाळंतिणी

सुईणीच्या नवऱ्याला काय काम असतं, असं लोक मला जन्मभर विचारत आले. कुणी हसत विचारायचे, कुणी खवचटपणे. मी सांगायचो, बायको बायका सांभाळते, मी बाप्ये सांभाळतो. लोकांना ती थट्टा वाटायची. पण ते खरं होतं. दिवाळी अंकाची पोरं घरी येऊन बसली आणि म्हणाली, आबा, तुमच्या कामाचं काहीतरी लिहा. मी म्हटलं, काम तिचं, मी नुसता संगतीला. मग विचार केला, ती गेल्या श्रावणात गेली. आता मी नाही लिहिलं तर कोण लिहिणार? माझी शाळा चौथीपर्यंत, तीही धड नाही. वाकडंतिकडं असेल ते वाचणाऱ्यानं सरळ करून घ्यावं.

आमचं गाव हिर्डोशीच्या अलीकडं, वरंध घाटाच्या वाटेवर. भात, नाचणी आणि डोंगर. साठ-सत्तरच्या सालांत एस.टी. यायची दिवसातून दोनदा, पावसाळ्यात तिच्या मर्जीनं. बाकी सगळं पायांवर. माझ्या बायकोला, हौसाला, हे काम तिच्या आईकडून आलं. आम्ही बुद्धाचे झालो तेव्हा वस्तीतल्या जाणत्यांनी ठरवलं की जुनी गावकीची कामं सोडायची. हौसानं बाकीची सोडली, हे सोडलं नाही. म्हणाली, "नाळ कापायला जात लागत न्हाई, धारंचं पातं लागतं." काही घरांत तिला बाळंतिणीच्या खोलीत थेट नेत आणि काम झाल्यावर चहा मात्र दारात, वेगळ्या कपात. ती तो कप न घेताच उठायची आणि जाता जाता म्हणायची, पोराला पहिला हात माझा लागलाय, आता पोराला काय विसळून घेणार का? पुढं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला शिकवून पत्र्याची पेटी दिली, तेव्हापासून कपाचा प्रश्न जरा कमी झाला.

वाट जंगलाची, म्हणून मी तिच्या सोबतीनं जायचो. ती आत गेली की मी बाहेर. बाहेर कोण? तर जिची सुटका व्हायची तिचा नवरा. असा माणूस तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो, त्याच्याइतकं निकामी माणूस जगात दुसरं नाही. एकजण आपली लाकडं फोडून झाल्यावर शेजाऱ्याचीही फोडून बसला. एकजण आत बायको ओरडत असताना ओट्यावर घोरत होता, आणि पोर झाल्यावर मलाच विचारतो, "लई येळ लागला का वो?" म्हणून मी जाताना घायपाताचा वाख घेऊन जायचो. नवऱ्याच्या हातात वाख द्यायचा, दुसरं टोक आपण धरायचं आणि दोर वळायला बसायचं. हात गुंतले की माणूस बोलतो. हौसाच्या हातून किती पोरं झाली ते आम्ही कधी मोजलं नाही, पण आमच्या खोऱ्यात बऱ्याच आडांचं पाणी त्या दोरांनी शेंदलं गेलं.

आता मुद्द्याचं. माझी नात पुण्यात दवाखान्यात नर्स आहे. ती सांगते, हल्ली एका बाईचं मूल दुसरी बाई आपल्या पोटात वाढवून देते, सगळं डॉक्टर बघतात. तिला वाटलं आबा तोंडात बोट घालतील. मी म्हटलं, बये, तुमची तऱ्हा नवी, पण दुसरीसाठी पोटात वागवणं आमच्याकडं तुझ्या आज्याच्या आधीपासून आहे. ज्या बाईची कूस उजवली नाही तिच्यासाठी जाऊ, नणंद नाहीतर सख्खी बहीण दिवस जाण्याआधीच शब्द द्यायची, की या खेपेचं तुझं. मग मूल झालं की ओटीत घालायचं. कागद नाही, कचेरी नाही. खण, नारळ, तांदूळ आणि त्यावर मूल, बायकांनी बायकांच्या पदरात. ओटी भरली की शब्द पुरा झाला.

अशा बाळंतपणांत हौसाला जितकं काम, त्याच्या दुप्पट मला. कारण देणारीच्या नवऱ्याला कुणी विचारत नाही. घेणारीचं कौतुक होतं, देणारीला पुण्य लागतं, आणि हा मधल्या मधी. आंबवड्याकडचा एक गडी आठवतो. धाकट्या भावासाठी त्याच्या बायकोनं शब्द दिला होता. डोहाळे लागले की धाकटी जाऊ डबा भरून आणायची. चिंचेचं सार, सुकट, अंबाडीची भाजी. हा गडी रोज फुगून बसायचा. मला म्हणाला, "माझ्या बायकूला माझ्याच घरात दुसरं घर जेवाय घालतंय." मी म्हटलं, मग तू घाल की. तर म्हणतो, "मला काय येतंय रांधाय?" शेवटी त्यानं ओढ्यातून खेकडे धरून आणले. बायकोनं मिटक्या मारून खाल्ले तेव्हा कुठं गडी ताळ्यावर आला.

घेणाऱ्यांतही तऱ्हा असत. एक पैसेवाला बाप्या दर आठवड्याला देणारीच्या दारात येऊन उभा राहायचा. बाई किती खाते, कुठं जाते, ओझं उचलते का, सगळी चौकशी. एकदा म्हणाला, "पोट जरा बारीक दिसतंय." हौसा तिथंच होती. तिनं केरसुणी हातात घेतली आणि विचारलं, "बाजारात पारडी ठरवून आलाय का? मग दावं घेऊन या पुढल्या टायमाला." तो परत आला नाही. पण त्याची बायको आली, चोरून, आणि देणारीचे पाय चेपून गेली.

पहिल्यांदा आम्हीही जुन्या रीतीनं करायचो. रीत अशी की आईला मुलाचं तोंड दाखवायचं नाही. डोळ्यांवर पदर टाकायचा, मूल मागच्या दारानं न्यायचं आणि आईला चार दिवसांत माहेरी धाडायचं. दूध आटावं म्हणून मोगऱ्याच्या कळ्या छातीला बांधायच्या. त्या भोरच्या बाजारातून मी आणायचो. फुलवाला माझ्याकडं बघून हसायचा. गडी फाटक्या धोतराचा आणि अधूनमधून शेरभर मोगरा नेतो, म्हणजे नक्कीच कुठंतरी पाणी मुरतंय असं त्याला वाटे. मी कधी खुलासा केला नाही. तेवढाच एक मान.

पण पारूच्या वेळेला ही रीत मोडली. पारूनं थोरल्या जावेसाठी मूल दिलं. तोंड न बघता. तिला डोंगरापल्याड वेल्ह्याच्या अंगाला माहेरी पोचवलं. तिथून चौथ्या दिवशी ती ओली बाळंतीण डोंगर उतरून परत आली. चोळी भिजलेली, पाय फुटलेले. जावेच्या उंबऱ्यावर बसली. हौसा त्या दिवशी पोराला न्हाऊ घालायला गेली होती, म्हणून आम्ही दोघं तिथंच होतो. घरात हलकल्लोळ, आता ही पोर मागणार. तिचा नवरा तिला ओढायला धावला, मी त्याला कव घालून धरला. आत पोर रडत होतं. जावेनं सासूकडं बघितलं नाही, कुणाकडं बघितलं नाही, पोर आणून पारूच्या मांडीवर ठेवलं. पारूनं पाजलं. पोट भरून पाजलं. मग तोंड पुसलं, पोर जावेच्या हातात दिलं आणि म्हणाली, "आता दिलं." उठून आपल्या घरात गेली.

आम्ही वाटेनं परत निघालो. हौसा म्हणाली, "अवं, ती मागाय न्हवती आली. तिला देऊच दिलं न्हवतं आपन. काढून घेतलं हुतं."

तेव्हापासून तिनं आपली रीत काढली. एका खोलीत दोन बाजा. एकीवर देणारी, दुसरीवर घेणारी. दोघींना तेल, दोघींना ऊन पाणी, दोघींच्या बाजंखाली शेगडी, दोघींना डिंकाचे लाडू आणि बाळंतशेपा. पाजायचं आईनं, पण बाकी सगळं घेणारीनं. निजवायचं घेणारीच्या कुशीत. हळूहळू बोंडल्यानं शेळीचं दूध सुरू करायचं, तेही घेणारीच्या हातानं. बाराव्या दिवशी घेणारीनं नाव ठेवायचं आणि देणारीनं ओटी भरायची. म्हाताऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एक पोर आणि दोन बाळंतिणी, असली तऱ्हा कुणी ऐकली होती? पहिली घेणारी तर अशी निघाली की खऱ्या बाळंतिणीपेक्षा हिचाच तोरा. हिला वारा सोसत नाही, हिला लाडवात खारीक जास्त हवी. खरी बाळंतीण उठून हिच्या शेगडीत निखारे घालायची. पण त्या खेपेला कुणी डोंगर उतरून आलं नाही.

बायकांचं असं जमलं. नवऱ्यांना मी दोर वळता वळता सांगायचो. दूध येणार, त्याला तू आणि मी काय करणार, अंगाला शब्द कळत नाही. बाई रागावेल ती घेणारीवर नाही, तुझ्यावर. रागावू दे. लोक विचारतील पोरं किती, तेव्हा ती काय सांगेल ते तू खोडून काढू नको. आणि पोटातल्या पोराला मनातल्या मनात नाव देऊ नको. हे मी इतक्यांदा सांगितलं की मला वाटायला लागलं, हे मला येतं.

मग आमच्या घरात वेळ आली.

हौसाची धाकटी बहीण चंद्रा विंझरला दिलेली. नवरा किसन, वेल्ह्याच्या रस्त्यावर सायकलदुरुस्तीचं दुकान. माणूस गरीब, आईपुढं तोंड उघडत नसे. लग्नाला बरीच वर्षं झाली, कूस भरेना, आणि चंद्राची सासू दुसरी सून बघायला लागली होती. पोरगी बघूनही आली होती. चंद्रा आमच्याकडं आली ती तीन दिवस नुसती चुलीपुढं बसून राहिली. ती गेल्यावर, लावणीच्या चिखलात वाकलेली असताना हौसा मला म्हणाली, "औंदाचं चंद्रासाठी." मी म्हटलं, बरं. जणू शेजारणीनं सूप मागितलं. आम्हाला दोन पोरगे होते. घरात तोंडं कमी नव्हती. मला त्यात अवघड काही दिसलं नाही. पुढं किसननं आईला निरोप सांगितला. म्हातारी म्हणाली, पाळण्यात काहीही हलू दे, पोरगा नाहीतर पोरगी, पण माझ्या घरात हलू दे. नाही हललं तर दुसरी सून ठरलेलीच आहे.

दिवस भरत गेले तसा मी आंबवड्याचा गडी झालो. किसन विंझरवरून तीन गाड्या बदलून तिळाचे लाडू आणायचा आणि मी फुगून बसायचो. नाव देऊ नको म्हणून लोकांना सांगणारा मी, मनात नाव देऊन बसलो होतो. दोन पोरग्यांवर एक पोरगी असावी असं मला फार होतं. मनात तिच्या वेण्याही घालून झाल्या होत्या.

पोरगीच झाली. सकाळची वेळ होती. सुईण आत बाजंवर आणि सुईणपण करायला माझी म्हातारी आई. हौसा कण्हायची थोडी आणि हुकूम सोडायची जास्त. बाहेर किसननं माझ्या हातात वाख दिला आणि म्हणाला, "दाजी, धरा." आजवर मी दुसऱ्यांना धरायला लावला होता. तो दोर पीळ उलटा पडून वाया गेला.

दुसऱ्या बाजंवर चंद्रा. तिनं लाडवासाठी तोरा केला नाही. ती रात्रंदिवस पोरीकडं बघायची आणि हौसा पाजायला लागली की भिंतीकडं तोंड करायची. हौसा तिला दटावायची, "हिकडं बघ. कसं धरत्यात ते बघ. तुलाच करायचंय."

बाराव्या दिवशी बारसं झालं. चंद्रानं नाव ठेवलं मंगल. माझ्या मनातलं नाव वेगळं होतं, ते मी इथं लिहीत नाही. दुपारच्या गाडीनं त्यांना निघायचं होतं, कारण ती चुकली तर भोरला पुढची गाडी मिळत नाही. पिशव्या भरून ओट्यावर ठेवल्या. पाटावर चंद्रा बसली, समोर पोरीला घेऊन हौसा. आईनं ताटात खण, नारळ, तांदूळ ठेवलं.

चंद्रानं पदर पसरला नाही. उलट मुठीत आवळून धरला.

"अक्का, मला न्हाई जमायचं," ती म्हणाली. "तुजं दूध चाललंय आजून. बारा दिस बगितलंय म्या. ठेव तुजी तू."

"पदर पसर," हौसा म्हणाली.

"सवत आनली तर आनू दे. म्या नांदंन तिच्यासंगं."

"नऊ म्हयनं तुज्या नावानं वागवलं. माजी म्हनून कुठं ठेवू आता? पसर म्हनते ना."

चंद्रानं रडत रडत पदर पसरला. आणि हौसाचे हात पुढं येईनात. तोंडानं पसर पसर म्हणणारी बाई, तिचे हात पोरीभोवती तसेच. मी तिला किती बायकांना सांगताना ऐकलं होतं, खांदा सैल सोड, कोपर पुढं घे. तिच्या स्वतःच्या कोपराला ते कळेना.  किसन आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत उभा. आईनं ताट खाली ठेवलं. मग एकेक करून सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. हौसानंही बघितलं.

माझ्या जिभेवर होते ते दोन शब्द मला अजून आठवतात. राहू दे. तेवढं म्हणायचं होतं. कुणीही मला दोष दिला नसता. किसन पिशवी उचलून गेला असता, चंद्राच्या घरात सवत आली असती, आणि माझ्या घरात पोरगी राहिली असती. वळणावर गाडीचा भोंगा वाजला.

मी म्हणालो, "किसनराव, पिशव्या उचला. गाडी चुकंल."

आणि पुढं होऊन मी हौसाच्या हातातून पोर उचललं, चंद्राच्या पदरात घातलं, वर नारळ ठेवला आणि मूठभर तांदूळ टाकले. आई ओरडली. ओटी बाईनं बाईची भरायची, बाप्यानं त्यात हात घालायचा नसतो. बाप्यानं भरलेली ओटी भोर तालुक्यात ती एकच असेल. पण गाडी मिळाली.

हौसा माझ्याशी बोलली नाही. कामापुरतं बोलायची, पण ते बोलणं नव्हे. मी भोरहून मोगरा आणला, तो तिनं माझ्या हातून घेतला नाही, आईच्या हातून घेतला. बाई नवऱ्यावर रागावते, हे मला लोकांना सांगायला येत होतं. आपल्या घरात ते कसं असतं ते मला तेव्हा कळलं. ताट समोर यायचं, त्यात मीठ बरोबर असायचं, आणि समोर कुणीच नसायचं. पुढची लावणी आली तेव्हा एकदा चिखलात माझा पाय घसरला, मी सगळा माखलो आणि ती हसली. मग बोलणं सुरू झालं.

त्यानंतरही आम्ही अशी बाळंतपणं केली. पण मी दोर वळता वळता सांगायचं बंद केलं. नुसता वाख धरायचो. त्यांनी विचारलं तरच बोलायचो. गंमत अशी की त्यामुळं माझं काम जास्त चांगलं झालं असं लोक म्हणायचे.

चंद्राच्या घरी सवत आली नाही. मंगल वाढली, शिकली, तिचं लग्न झालं. चंद्रा आई, हौसा मावशी, मी काका. कुणी काही लपवलं नव्हतं, दोन बाजांचा फायदा तोच. सगळ्यांना सगळं ठाऊक आणि म्हणून कुणी बोलायचं कारण नाही.

गेल्या वर्षी हौसा अंथरुणाला खिळली. एके दुपारी मी तिचे पाय चोळत होतो. म्हातारपणी माणसाला भीड राहत नाही, मी विचारलं. म्हटलं, त्या दिवशी तू माझ्याकडं बघितलंस ते कशासाठी?

कुठला दिवस, हे तिनं विचारलं नाही.

"वाट बगत हुते," ती म्हणाली. "तुमी ऱ्हाऊ दे म्हनाल म्हनून."

माझा हात थांबला. म्हटलं, मग म्हणायला हवं होतं का मी?

"न्हाई," ती म्हणाली. "म्हनला असता तर म्या ठिवली असती. मग चंद्राचं तोंड बगायची सोय न्हवती जन्मभर. म्हनला न्हाईत त्येच बरं क्येलंत." मग म्हणाली, "पन वाट बगत हुते, येवढं खरं. चोळा, का थांबला?"

मी चोळत राहिलो. माझ्याही जिभेवर तेच होतं, हे मी तिला सांगितलं नाही. वाटलं, सांगू उद्या-परवा. श्रावण लागला आणि ती गेली.

तिच्या मागं मंगल पंधरा दिवस आमच्याकडं राहिली. तिला आता नातवंडं आहेत. भाकरी करताना ती पाठमोरी बसली होती, तशीच म्हणाली, "काका, मावशीचा मला कदी राग न्हवता. तुमचा हुता. तुमी उचलून दिलंत असं आई सांगायची."

जे हौसाला सांगायचं राहिलं ते मी तिला सांगितलं. म्हटलं, बाय, मी राहू दे म्हणणार होतो. जिभेवर आलं होतं.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. वाफ गेली. मग म्हणाली, "बरं झालं, म्हनला न्हाईत. माझ्या आईचं माझ्याबिगर काय झालं असतं?"

आई म्हणजे चंद्रा. ते ऐकून मला बरं वाटलं आणि वाटलंही नाही. जेवताना सारखं मनात येत होतं, हे हौसाला सांगायला पाहिजे. तिला ते फार आवडलं असतं. आणि मग दोन दिवस ती माझ्याशी बोलली नसती.